वर्तुळात पडलं ते आपलं

“हलत नाही! आमची दीर्घिका हलत नाही, डुलत नाही, आणि पुण्याहून कुणी आलं म्हणून दिवा बारीक-मोठाही करत नाही!”

हे ओरडणारा मी. राहुरीतल्या आमच्या महाविद्यालयाचं पहिल्या मजल्यावरचं सभागृह, सकाळचे अकरा, समोर तीस खुर्च्या आणि त्यांतल्या सव्वीस रिकाम्या. माझा आवाज मुळातच असा, की मी वर्गात गॅमा किरण शिकवायला लागलो की खाली रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवायचे थांबतात. त्या दिवशी तर खिडकीच्या काचा थरथरल्या. एक खाली पडली. ती आधीच सैल होती असं आमचा शिपाई म्हणतो, पण शिपायाचं काय ऐकायचं?

ज्यांच्यावर ओरडलो ते पुण्याहून आलेले तज्ज्ञ. बारीक चणीचा माणूस, मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर घालील असा. त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, तीही जेवताना मीठ मागावं इतक्या हळू. हा प्रकाश बारा वर्षं सारखाच येत राहिला का, की एखाद्या आठवड्यात एकदम येऊन गेला, हे पाहिलंय का? एवढंच. ते माझ्यावर उलटून रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला मी पाच मिनिटांत गुंडाळून खिशात घालतो. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि स्वेटरच्या कडेने पुसला.

आमच्या दोघांच्या मधे, पडद्याशेजारी, माझी विद्यार्थिनी उभी होती. तो दिवस तिचा होता. प्रबंध विद्यापीठात जमा करण्याआधी जे सादरीकरण करावं लागतं, ते तिचं. सहा वर्षं तिने त्यासाठी घातली होती. मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. तज्ज्ञांनी कागदावर सही केली की प्रबंध पुढे जाणार. नाही केली तर तीन महिन्यांनी तिचं नाव यादीतून उडणार आणि सहा वर्षं कुणाच्याच नावावर राहणार नाहीत. ती माझ्याकडे पाहत नव्हती, तज्ज्ञांकडेही नाही. पडद्यावरच्या वर्तुळाकडे पाहत होती.

तिसऱ्या रांगेत तिचे अब्बा बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायाशी मिरजगावहून आणलेला पेढ्यांचा खोका, त्याला दोरीच्या दोन गाठी. इंग्रजीतलं काही कळत नव्हतं, पण लेकीने आकडा उच्चारला की मान हलवायचे. आकड्यांत त्यांचं आयुष्य गेलेलं. मी ओरडलो तेव्हा त्यांनी खोका पायाने हळूच खुर्चीखाली ढकलला.

आता तो प्रकाश कसला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या शेजारी (शेजार म्हणजे उजेडाला यायला कोटभर वर्षं लागावीत एवढा) एक बारकी दीर्घिका आहे. बारकी, पण खटपटी. तिच्या पोटात ताऱ्यांची अशी गर्दी जन्माला येते, की उन्हाळ्यात टँकरभोवती हंडे जमावेत. त्यांतले दांडगे असतात ते लवकर मरतात. मरताना गुपचूप मरत नाहीत, फुटतात. त्या धक्क्याने सुटलेले कण आजूबाजूच्या वायूवर आपटत राहतात आणि त्या आपटण्यातून गॅमा किरण निघतात. म्हणजे तारे जिथे फार जन्मतात तिथून हे किरण यायला हवेत. मोठ्या दीर्घिकांतून येतात हे जगाला ठाऊक होतं. इतक्या बारक्या दीर्घिकेतून येतात हे कुणी दाखवलं नव्हतं. ते मी दाखवलं. म्हणजे दाखवलं असं मी अकरा वर्षं सांगत होतो. वर्गात, लग्नांत, दहाव्याच्या घाटावर. एकदा नगरच्या स्टँडवर (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण माझी जीभ जुनी) कंडक्टरला सांगता सांगता माझी गाडी सुटली, आणि कंडक्टर त्याच गाडीचा होता.

लोकांना वाटतं खगोलवाला म्हणजे गच्चीवर दुर्बीण घेऊन जागणारा. अकरा वर्षांत कामासाठी एकदाही मी वर पाहिलेलं नाही. आमचं आकाश दुपारी दोन ते पाच, वीज असली तर. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, हवेतच संपतात. परक्या देशाचा उपग्रह त्यांना वरच्या वर टिपतो आणि माहिती सगळ्या जगासाठी खुली ठेवतो. पाटाला पाणी सुटावं तसं. ज्याच्या दारात संगणक त्याने दारं धरून आपल्या वाफ्यात पाणी वळवावं. आमच्या विभागातला संगणक इतका जुना, की चालू केल्यावर मी घरी जाऊन जेवून येत असे आणि तरी तो माझ्या आधी जागा झालेला नसे.

किरण म्हणजे तरी किती? एका बारक्या दीर्घिकेतून बारा वर्षांत शे-दीडशे. महिन्याला एक. एखाद्या पोस्टमनने बारा वर्षांत शे-दीडशे पत्रं आणावीत आणि त्यांवरून पाठवणाऱ्याच्या घरात किती माणसं आहेत, काय रांधतात, कोण आजारी आहे, हे आपण ओळखायचं. त्यातून पत्त्याची गडबड. उपग्रह ‘तिकडून आला’ असं बोट दाखवतो, पण त्याचं बोट जाड. म्हणून आपण दीर्घिकेभोवती वर्तुळ काढायचं आणि आत किती पडले ते मोजायचं. वर्तुळ लहान काढलं तर आपलेच निम्मे बाहेर राहतात. मोठं काढलं तर शेजाऱ्याचे आत येतात. किती काढायचं त्याचे नियम आहेत आणि ते मला तोंडपाठ आहेत.

पण हात आजोबांचा आहे.

आजोबा दर नांगरणीला बांध वीतभर कोरायचे. मुळा नदीकाठची काळी जमीन, बांध लोण्यासारखा कापला जायचा. शेजारी देवमाणूस, त्याला वाटायचं बांध पावसाने झिजतो. असं चाळीस वर्षं चाललं आणि शेवटी त्याची विहीर चालत चालत आमच्या शेतात आली. थेंबभर पाणी सांडलं नाही. एक दिवस तो सकाळी बादली घेऊन आला आणि पाहतो तर विहीर बांधाच्या अलीकडे. आजोबा कडुनिंबाखाली दात घासत बसलेले. म्हणाले, “पानी पायजे का? न्या की. शेजाऱ्याला कोन न्हाई म्हनतंय?”

ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी विहीर थोडी आणखी चालते. माझं वय वाढलं तशी मोटही तिच्यासोबत चालायला लागली, मग मोटेचे बैल.

तर मी वर्तुळ नियमापेक्षा अंमळ मोठं काढलं. केसभर. नियमातल्या वर्तुळात आकडा असा यायचा की ‘असेलही, नसेलही’. केसभर बाहेर सरकलं की तोच आकडा उठून उभा राहायचा, छाती काढून. त्या कडेपाशी रेडिओ दुर्बिणींच्या जुन्या यादीतला एक ठिपका होता. लांब मागे, खूप खोल कुठेतरी. तो मला दिसला होता. पण गॅमा किरणांच्या तेव्हाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही तो शेजारी कसला? त्या आकड्यावर माझा शोधनिबंध छापून आला. त्यावर गावाने मला शाल दिली, फेटा बांधला, आणि माझा फोटो फलकावर असा लावला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी उमेदवार वाटलो. दोघांनी येऊन पाण्याच्या तक्रारी दिल्या. मी घेतल्या.

मग ही मुलगी आली. माझ्या निबंधाच्या जोत्यावर तिने आपली माडी बांधायला घेतली. दीर्घिकेतून एवढा उजेड येतो तर आत तारे किती वेगाने घडतात, कण किती काळ कोंडून राहतात, किती निसटतात. सगळं माझ्या त्या आकड्यावर टेकलेलं. मिरजगावला सोलापूर रस्त्यावर तिच्या अब्बांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीतली, बोअरमधली मोटार जळली की आतली जळकी तार उपसून नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, हा धंदा. ती दहा वर्षांची असल्यापासून वेढे मोजत आलेली. माझ्याकडे आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या जुन्या यादीतला दोनदा मोजला गेलेला किरण काढून दाखवला. मी तिला म्हटलं, एक इकडे, एक तिकडे. तिने मान हलवली, पण तो किरण काढून टाकला.

ऐकून घ्यायला तर तिच्यासारखी कुणी नाही. आमच्याकडे विद्यार्थी गुरूला उलट विचारत नाहीत, ही जुनी खोड. ती मोडावी म्हणून मी दर जूनमध्ये नव्या पोरांना एक भाषण देतो, की विचारा, खुशाल विचारा, माझी चूक काढा, मला पाडा. भाषण पाऊण तासाचं आहे. तासिका पाऊण तासाचीच असते, त्यामुळे प्रश्न पुढच्या वेळी.

एक दुपार आठवते. तिला येऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. मी संगणक जागा व्हायची वाट पाहत होतो, ती दारात उभी राहिली, हातात दोन कागद. म्हणाली, “सर, त्या कडेच्या ठिपक्याचं जरा...” तिने कडेचं नाव काढलं आणि मला आजोबा आठवले. मग काय, मी बांधापासून सुरू केलं. विहीर निघाली, बैल निघाले, त्या दिवशी विहिरीतलं कासवही चालत आलं. तिने ती गोष्ट तोवर दहा-अकरा वेळा ऐकली असेल, पण हसायच्या जागी हसली. शेवटी मी टेबलावर थाप मारून म्हटलं, “तर लक्षात ठेव, वर्तुळात पडलं ते आपलं.” तिने कागदांची घडी घातली, वहीत ठेवली आणि संगणकापाशी जाऊन बसली. मला वाटलं, काय संस्कार आहेत पोरीवर.

असो. सभागृहात काच पडल्यावर शिपाई झाडू घेऊन आला. मग तज्ज्ञ म्हणाले की मी चिडायला नको, प्रश्न साधा आहे, पाहून घेतलेलं बरं. मी म्हटलं, पाहून घेऊ म्हणजे काय, आत्ता पाहू, तुमच्यासमोर. त्यांची गाडी चारला होती. मी सगळ्यांना ओढत संगणकाच्या खोलीत नेलं. अब्बा खोका घेऊन मागून आले आणि दाराबाहेर बाकावर बसले. दीड-दोन तासांचं काम, म्हणून मी चहा सांगितला. चहा यायच्या आत आलेख पडद्यावर होता. माझी विद्यार्थिनी चपळ आहे हे मी तज्ज्ञांना अभिमानाने सांगितलंसुद्धा.

आलेखावर बारा वर्षं आडवी पसरलेली. कमी पावसाच्या साली बाजरी उगवावी तशा बुटक्या, विरळ रेघा. आणि त्यांत एकच रेघ, ताडासारखी. आठ दिवसांची. आमच्या दीर्घिकेचा बारा वर्षांतला निम्म्याहून जास्त उजेड त्या आठ दिवसांत येऊन गेला होता.

तज्ज्ञ काही लागट बोलले नाहीत. एवढी मोठी दीर्घिका आठ दिवसांत भडकून विझू शकत नाही, तिच्या एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला पोचायलाच हजारो वर्षं लागतात, असं ते म्हणाले. हे ते मला सांगत होते. हे वाक्य मी एम.एस्सी.च्या वर्गात दरवर्षी गरजून सांगतो, रस्त्यावरच्या उसवाल्यांनाही पाठ आहे. इतक्या झटकन भडकतं ते लहान असतं. लांब मागे, कडेच्या त्या ठिपक्यात, कुठल्याशा दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर. त्याने आठ दिवस आपल्या दिशेने एक झोत मारला आणि गप्प झालं. उजेड शेजाऱ्याचा होता. विहीर शेजाऱ्याची होती.

सही झाली नाही. तज्ज्ञ जाताना म्हणाले, वेळ घ्या. वेळ सोडून सगळं होतं आमच्याकडे. चहा आला, तो शिपायाने पिला. अब्बांनी बाकावरून उठून मला विचारलं की कधी वाटायचे पेढे. मी म्हटलं, थोडं थांबू. त्यांनी गाठी तपासल्या, खोका काखेत घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने बापलेक मिरजगावला गेले.

पुढचे तीन महिने मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही, कारण लाज त्या दिवशीच संपली. मी वर्तुळ लहान केलं. आत अंधार. आणखी लहान केलं, आणखी अंधार. ते आठ दिवस कापून टाकले आणि उरलेली बारा वर्षं मोजली, तर रिकाम्या आकाशातून जेवढे किरण येतात तेवढेच तिथून येत होते. आमची खटपटी दीर्घिका, जिच्यावर मी फेटा बांधून घेतला होता, ती बारा वर्षांत आमच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

मग मला सुचलं, शेजाऱ्यावरच लिहू. झोत तर खरा आहे. मूळ खोली पाडून तिथेच दुसरी बांधू. पंधरा दिवस मी इतका उत्साहात होतो की घरच्यांनी डॉक्टरांना विचारलं. जुने निबंध उपसायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी ते सापडलं. परदेशातल्या एका गटाने तो झोत त्याच आठवड्यात पकडला होता. दोन पानी टिपण, ठिपक्याचं नाव, दिशा, दिवस, सगळं. चोर पकडला गेला होता, पंचनामा झाला होता, लोक घरी जाऊन झोपले होते आणि आम्ही अकरा वर्षं त्याच्या कंदिलाच्या उजेडात आपल्या घराची मोजमापं घेत बसलो होतो. मी ते टिपण तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचलून पाहिलं नाही. खाली ठेवलं होतं तसंच वाचल्यासारखं केलं.

विद्यापीठात गेलो. तिथे मुदतवाढीचं काम पाहणाऱ्या बाईंना मी तारे कसे जन्मतात इथपासून सांगितलं. त्यांनी माझं सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या (मला तरी तसं दिसलं), आणि मग त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. तिसऱ्या मुदतवाढीचा रकानाच नव्हता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती आली. ग्रंथालयाची पुस्तकं परत केली, संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, “येते, सर” म्हणाली. मी त्या वेळी तिला फार मोलाचं काहीतरी बोललो असं मी नंतर दोन-तीन ठिकाणी सांगितलंय. मी काही बोललो नव्हतो. किल्ली कुठे ठेवायची ते पाहत होतो.

निबंध मागे घेतो म्हणून नियतकालिकाला पत्र लिहिलं. आयुष्यात मी लिहिलेला सर्वांत लहान मजकूर. चार ओळी. वर्तुळ किती मोठं होतं, किती हवं होतं, उजेड कुणाचा होता आणि चूक कुणाची होती. त्यात एकही बैल चालत नाही.

पत्र गेल्यावर आठवड्याने मी मिरजगावला गेलो. राहुरीहून नगर, नगरहून मिरजगाव, पूर्ण रस्ताभर अब्बांना काय सांगायचं त्याची तालीम करत. विज्ञान चुकांतूनच पुढे जातं, नकारही शोधच असतो, असं बरंच जमवलं होतं. वाटेत रुईछत्तीशी गावाच्या पुढे तालीम जरा मोठ्याने झाली असावी, कारण शेजारचे पागोटेवाले उठून कंडक्टरजवळ जाऊन बसले.

दुकान रस्त्यालगतच. दारात उघड्या पडलेल्या पाणबुडी मोटारी, वार्निशचा उग्र वास, आत एका हातचाकापाशी ती. चाक फिरवत होती आणि तांब्याची तार साच्यावर चढत होती. अब्बा तार बोटांत धरून ताण देत होते. मी दारातूनच सुरुवात केली. अब्बांनी न वळता मोकळ्या हाताने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर रंगाने लिहिलेली पाटी होती: मोजणी चालू असताना बोलू नये.

मी स्टुलावर बसलो. जन्मल्यापासून इतका वेळ मी गप्प बसलो नव्हतो. पोटात असतानाही बोलायचो असं आई सांगायची. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक गिऱ्हाईक आलं, पाटीकडे पाहून बाहेरच उभं राहिलं. रस्त्यावरून ट्रक गेले, एसटी गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली. तिची नजर चाकावरून हलली नाही. एक गुंडाळी झाली, तिने खडूने फळीवर रेघ मारली, दुसरी घेतली. त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं की एक वेढा चुकला तर मोटार पाण्याखाली जाऊन जळेल, आणि म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. मी बसल्या बसल्या हिशोब करत राहिलो, की आमच्या विभागात अशी पाटी कुठल्या भिंतीवर लागली असती. चारही भिंतींवर मी होतो.

चौथ्या गुंडाळीनंतर अब्बा उठले. मला पाणी दिलं. ती ज्युनिअर कॉलेजला सकाळी गणिताच्या तासिका घेते, दुपारी दुकानात असते, असं म्हणाले. मग कोपऱ्यातल्या जळक्या तारेच्या ढिगाकडे मान वळवून विचारलं, “आमची मोटार जळली, सर, तर त्यातलं तांबं तरी निघतं. इतळवून पुन्हा वापरता येतं. तुमच्या यातून काय निघतं?”

माझ्याकडे उत्तर होतं. नगरपासून घोटून आणलेलं. मी तोंड उघडलं, आणि अब्बा ऐकायला लागले. अगदी लेकीसारखे, मान किंचित कलती करून, हसायची जागा आली तर हसू अशा बेताने. मी तोंड मिटलं.

“काही नाही,” म्हटलं.

“मंग अवघड हाय,” असं म्हणून ते बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलायला गेले.

ती गुंडाळीच्या टोकांना दोरा बांधत होती. बोटं तारेने काळी झालेली. फळीवर खडूच्या चार रेघा, त्यांच्या वर ठोकलेल्या खिळ्याला पेढ्यांच्या खोक्याची दोरी लटकत होती, खोका नव्हता. कुठून कोण जाणे, तो चहा माझ्या डोक्यात आला. दीड-दोन तासांचं काम, आणि चहा यायच्या आत आलेख पडद्यावर. इतकी चपळ कशी, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

“तुला कधी कळलं होतं?” मी विचारलं.

“दुसऱ्या वर्षी.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिने गाठ घट्ट केली, जास्तीचा दोरा कापला आणि गुंडाळी बाकीच्या तिन्हींशेजारी ठेवली.

“सांगायला आले होते, सर. तुम्ही विहिरीची गोष्ट सांगत होतात.”